नोलेन गुळाचा संदेश खान्देशात घरी नीट जमेल का? दूध, गूळ आणि पाक यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

मेहरूणकाठ (जळगाव)

सर्व जाणकारांना नमस्कार.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या गल्लीत हळदीकुंकवाचे कार्यक्रम चालतात, आणि यंदा तिळगुळासोबत घरी केलेला नोलेन गुळाचा संदेश, म्हणजे हिवाळ्यातील खजुरी गूळ घालून केलेली छेन्याची बंगाली मिठाई, द्यावा असे माझ्या मनात आहे. आमच्या शेजारी सराफ बाजारात सोन्याचे काम करणाऱ्या बंगाली कारागिरांची काही कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी एका वहिनींनी गावाकडून आलेल्या खजुरी गुळाची, म्हणजे त्या ज्याला पाटाली म्हणतात त्याची, एक ढेप मला दिली आहे. रंग गडद तपकिरी, कडा बोटाने दाबली तरी चुरते, आणि डब्याचे झाकण उघडले की चुलीच्या धुराचा व करपू लागलेल्या साखरेचा मिळून एक वास येतो, जो आपल्या उसाच्या गुळाला कधीच येत नाही. वहिनी आता माहेरी गेल्या असून फाल्गुनाच्या आत परतणार नाहीत, त्यामुळे इथे विचारते आहे.

माझ्या शंका अशा आहेत. आमच्याकडे रतिबाचे दूध म्हशीचे येते. त्याचा छेना, म्हणजे दूध फाडून गाळलेला मऊ चोथा, चालेल की गायीचेच दूध घ्यावे लागेल? गूळ केव्हा आणि किती घालावा? येथील एका दुकानातून आणलेला संदेश खाताना पेढाच खातो आहोत असे वाटले. तसे होऊ नये म्हणून काय टाळावे? शेवटचा प्रश्न थोडा निराळा आहे. हा गूळ ज्या झाडाच्या रसापासून होतो ते झाड आपल्याकडच्या शिंदीसारखेच असते, असे वहिनी सांगत होत्या. तसे असेल, तर असा गूळ आपल्या भागात का होत नाही?

दूधवाट (यावल)

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर बाकीचे पुष्कळसे अवलंबून आहे. माझे रोजचे काम दूध संकलनाचे असल्यामुळे तेवढ्यापुरते सविस्तर लिहितो.

संदेशासाठी दूध गायीचेच घ्यावे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण 6 ते 8 टक्के असतो आणि गायीच्या दुधात 3.5 ते 4.5 टक्के, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण खरा फरक सायीत नाही. म्हशीच्या दुधात केसीन हे प्रथिन आणि कॅल्शियम दोन्ही अधिक असतात, केसीनचे कणही आकाराने मोठे असतात, आणि म्हणून आंबट पडताच ते आवळून घट्ट, रवाळ गोळे धरतात. पनीरची वडी कापताना हाच गुण कामास येतो. संदेशाला मात्र मऊ, जिभेवर विरघळणारा छेना लागतो, आणि म्हशीचा छेना कितीही मळला तरी त्यातील कणी पूर्णपणे जात नाही. पिशवीतील दूध घेणार असाल तर ज्यावर ‘गायीचे दूध’ असे स्पष्ट छापलेले असते तेच घ्यावे. ‘फुल क्रीम’ दुधात किमान 6 टक्के स्निग्धांश असावा लागतो, ते या कामाचे नाही. महिनोन्महिने टिकणारे खोक्यातील दूधही नको, कारण ते फार उच्च तापमानाला तापवलेले असल्यामुळे त्याचा छेना नीट धरत नाही आणि फडक्यात चिखलासारखा राहतो.

दूध त्याच सकाळचे असावे. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून काही जण त्यात सोडा टाकतात. अशा दुधाला फाटण्यासाठी नेहमीपेक्षा बरेच जास्त लिंबू लागते आणि छेनाही बेचव होतो. तेव्हा लिंबू जास्त लागू लागले, तर त्या दुधावर संशय घ्यावा. नुकत्याच व्यालेल्या गायीचे दूधही यात मिसळलेले नसावे.

आता कृती. दूध एक उकळी येईपर्यंत तापवून आचेवरून उतरवावे आणि चार-पाच मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे ते 80 अंशांच्या आसपास येते. लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून कडेकडेने थोडा थोडा सोडावा आणि पळीने हलकेच ढवळावे. जोराने ढवळले तर छेन्याचा भुगा होतो. बंगालमधील हलवाई लिंबाऐवजी आदल्या दिवशीचे आंबलेले छेन्याचे पाणी वापरतात. ते सौम्य असल्यामुळे छेना अधिक मऊ येतो, आणि एकदा छेना केल्यावर पुढच्या वेळेसाठी तुम्हीही थोडे पाणी राखून ठेवू शकता. हिरवट-पिवळे, नितळ पाणी वेगळे झाले की आंबट घालणे तत्काळ थांबवावे. मलमलच्या फडक्यात ओतून वरून थंड पाणी सोडावे, म्हणजे आंबटपणा धुऊन जातो आणि छेना पुढे आवळत नाही. नंतर अर्धा ते पाऊण तास टांगून ठेवावे. फडके पिळू नये आणि त्यावर वरवंटाही ठेवू नये. सुपारीएवढा छेना तळहातावर वळून पाहिला असता गोळीला भेग पडली नाही आणि हाताला पाणीही सुटले नाही, की तो योग्य झाला असे समजावे.

त्यानंतर तो परातीत घेऊन तळहाताच्या मुळाने पुढे रेटत आठ-दहा मिनिटे मळावा. हाताला किंचित तूप लागल्यासारखी चकाकी आली की थांबावे. त्यापुढे मळल्यास स्निग्धांश सुटून छेना तेलकट होतो.

एक लिटर गायीच्या दुधाचा साधारण 160 ते 200 ग्रॅम छेना पडतो. म्हशीच्या दुधाला पर्यायच नसेल, तर साय पूर्ण काढून, चौथा हिस्सा पाणी मिसळून, 70 अंशांच्या सुमारास फाडावे. छेना बऱ्यापैकी नरम येतो, पण गायीच्या छेन्याची सर त्याला नाही. खाली उरलेले पाणी ओतून देऊ नका, बट्टीचे पीठ त्यात भिजवा.

भुसावळ जंक्शन

यावलच्या दादांनी दुधाचा भाग इतका नेमका लिहिला आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. रेल्वेच्या नोकरीनिमित्त मी काही वर्षे हावड्याला होतो आणि तिथल्या मिठाईच्या दुकानांत मागच्या बाजूला उभे राहून पाक पाहण्याची संधी मला मिळाली, म्हणून पुढचा भाग लिहितो.

संदेशाचे मुख्य प्रकार पाकावरून पडतात. छेना आणि गोडी थोडाच वेळ परतून मऊ, ओलसर ठेवला तर तो नरम पाक. अधिक परतून कोरडा, साच्याची नक्षी धरून ठेवणारा केला तर तो कडा पाक. आणि छेना जेमतेम आचेला लावून रवाळ ठेवला तर ते काँचागोल्ला. याखेरीज चंदननगरचा जलभरा संदेश प्रसिद्ध आहे, ज्याचे नाव सूर्यकुमार मोदक यांच्याशी जोडले जाते. त्याच्या पोटात गुलाबपाण्याचा पाक भरलेला असतो आणि हिवाळ्यात त्याऐवजी पातळ नोलेन गूळ भरतात. घरी करताना नरम पाकाकडेच जावे, कारण नोलेन गुळाचा खरा स्वाद तिथेच लागतो.

प्रमाण सांगायचे तर 250 ग्रॅम मळलेल्या छेन्याला 75 ते 80 ग्रॅम गूळ पुरतो. त्याहून जास्त घातला तर गोडी वाढते, पण वास वाढत नाही. गूळ बारीक चिरून त्याचे दोन भाग करावेत. पहिला भाग छेन्यात मिसळून जाड बुडाच्या पितळी किंवा स्टीलच्या कढईत अगदी मंद आचेवर लाकडी उलथण्याने परतत राहावे. प्रथम गूळ विरघळून सगळे पातळ होते, तेव्हा घाबरून आच वाढवू नये. सहा ते आठ मिनिटांत मिश्रण कढईच्या कडा सोडू लागते, उलथणे फिरवले की त्यामागे बूड क्षणभर कोरडे दिसते आणि मग मिश्रण आळसावल्यासारखे पुन्हा त्यावर येते. नेमक्या त्याच वेळी कढई उतरवावी. डोळ्यांना ते अजून ओले वाटेल, परंतु निवताना ते आपोआप आळते. कढईतच घट्ट दिसेपर्यंत परतले, तर गार झाल्यावर ते रवाळ आणि कोरडे होते.

कढई उतरवल्यावर उरलेला गूळ घालून मिसळावा. या गुळाचा वास उडून जाणाऱ्या घटकांचा असतो आणि तो आचेवर फार वेळ टिकत नाही, म्हणून निम्मा गूळ शेवटी. हाच गूळ तांदळाच्या खिरीत, म्हणजे त्यांच्या पायेशमध्ये घालतात तेव्हाही भांडे उतरवल्यावरच घालतात, पण तिथे कारण वेगळे असते: गुळाच्या आंबटपणामुळे उकळते दूध नासण्याची भीती असते. संदेशात दूध आधीच फाडलेले असल्यामुळे ती भीती नाही, केवळ वास राखायचा असतो.

वेलदोडा, केशर, जायफळ यांपैकी काहीही घालू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याला गोडात वेलदोड्याची सवय असते, त्यामुळे हात आपोआप त्या डब्याकडे जातो. पण वर्षातील तीन महिने मिळणाऱ्या गुळाचा वास चमचाभर पुडीखाली झाकण्यात काय अर्थ आहे? वर एखादा बेदाणा दाबला तर पुरे. मिश्रण कोमट असतानाच तुपाचे बोट फिरवलेल्या साच्यात दाबावे. बंगालमध्ये शंख, मासा, पान यांच्या आकाराचे कोरीव लाकडी साचे असतात. आपल्याकडे मोदकाचा लहान साचा चालतो, अथवा नुसती चपटी वडी वळून अंगठ्याने मध्ये खळगा केला तरी शोभते.

आता थोडे विषयाला धरूनच. दूध नासणे हे आपल्याकडे अशुभ मानले जाते आणि नासलेल्या दुधाचा पदार्थ नैवेद्याला चालत नाही असे जुने लोक म्हणत. बंगालने मात्र फाडलेल्या दुधावरच आपली सगळी मिठाई उभी केली. हुगळीकाठी सोळाव्या शतकापासून वसलेल्या पोर्तुगिजांच्या चीज करण्याच्या पद्धतीतून छेना तिथे रुजला, असे काही अभ्यासक मानतात आणि काहींना ते मान्य नाही. बंदेल येथील खारवलेले, धुरावलेले चीज आजही कोलकात्यात मिळते, त्यामुळे मला स्वतःला पहिल्या मतात तथ्य वाटते. छेन्याचे वेड तिथे इतके होते की 1965 मध्ये दुधाची टंचाई पडली तेव्हा, मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या काळात, सरकारने छेन्याच्या मिठाईवरच बंदी घातली होती. लहान मुले आणि रुग्ण यांच्यासाठी दूध उरावे हा हेतू समजण्यासारखा होता, पण संदेशावाचून लग्नकार्ये करण्याची वेळ आल्यामुळे लोक फार नाराज झाले. नोलेन गुळाच्या संदेशाला 2025 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बंगालच्या रसगुल्ल्याला ते 2017 मध्येच मिळाले होते.

पांझरा (धुळे)

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, फक्त एका गोष्टीविषयी माझे मत वेगळे आहे. नवख्या हाताने छेना थोडा ओला राहिलाच, तर चौथा हिस्सा ताजा खवा मिसळावा. मिश्रण लवकर बांधले जाते, वड्या फुटत नाहीत आणि हळदीकुंकवासारख्या प्रसंगी ताटात मांडायला सोपे जाते. शिवाय आपल्या भागातील लोकांना खव्याची चव आवडते.

भुसावळ जंक्शन

पांझरा, आपण सांगता त्याप्रमाणे वड्या चांगल्या बांधल्या जातील, यात शंका नाही. काही दुकाने हेच करतात. परंतु ताईंना दुकानातील संदेश पेढ्यासारखा लागला, त्याचे कारण बहुधा हाच खवा असावा. दूध तासन्‌तास आटवल्याचा खरपूस स्वाद खव्यात असतो, आणि त्याच्यापुढे खजुरी गुळाचा धुरकट वास टिकत नाही. छेना ओला राहिला असेल तर तो आणखी पंधरा मिनिटे टांगावा, किंवा मंद आचेवर दोन मिनिटे अधिक परतावे. खवा घालायचाच असेल तर तो उसाच्या गुळाच्या वेगळ्या पदार्थात घालावा; वहिनींनी दिलेली ढेप त्यात खर्च करू नये.

सातपुडा पायथा (शहादा)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण आमच्या शेताच्या बांधावर आणि नाल्याच्या कडेला शिंदीची झाडे आहेत.

वहिनींचे म्हणणे खरे आहे. ज्या खजुराच्या झाडापासून बंगालमध्ये नोलेन गूळ होतो, ते खाण्याच्या खजुराचे अरबी झाड नव्हे. ते आपले शिंदीचेच झाड होय. लक्ष्मीपूजनाला आपण जी केरसुणी पुजतो ती याच झाडाच्या पात्यांची असते. त्यामुळे झाड नाही म्हणून गूळ नाही, असे म्हणता येणार नाही.

फरक आहे तो कसबाचा आणि वापराचा. बंगालमध्ये रस काढणाऱ्याला शिऊली म्हणतात. कार्तिकाच्या सुमारास तो झाडाच्या शेंड्याजवळची एका बाजूची पाती काढून खोड तासतो, तिथे बांबूची चोय बसवतो आणि संध्याकाळी मातीचे मडके बांधतो. रात्रभर थेंबथेंब साठलेला रस उजाडण्यापूर्वी उतरवला जातो आणि त्याच सकाळी पसरट कढईत आटवला जातो. ऊन लागले की रस आंबू लागतो, म्हणून सगळी घाई पहाटेची. काही दिवस रस काढल्यावर झाडाला विश्रांती देतात, आणि विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीचा रस सर्वांत गोड व सुवासिक मानला जातो. अर्धवट आटवून पातळ ठेवला तर तो झोला गूळ, आणि घट्ट करून साच्यात ओतला तर पाटाली. थंडी जितकी कोरडी आणि कडक, तितका रस नितळ.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा थंडीही पुरेशी आहे. पण खान्देशात शिंदीचा रस निघतो तो प्रामुख्याने पिण्यासाठी, आणि आंबवण्यासाठी. गुळासाठी तो आटवण्याची परंपरा आमच्या परिसरात मी पाहिलेली नाही. शिवाय 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार नीरा किंवा ताडीसाठी झाड छेदण्यास परवाना लागतो, त्यामुळे कोणी हौसेने बांधावरचे झाड तासायला जाऊ नये. शिंदीला वाढीचा कोंब एकच असतो. चुकीच्या हाताने तो दुखावला तर अख्खे झाड वाळते. परवाना घेऊन, एखाद्या बचतगटाने बंगालमधील जाणत्या शिऊलीकडून हे काम शिकून घेतले, तर धुळे-नंदुरबारच्या नाल्याकाठी पडून असलेल्या या झाडांचे मोल वाढेल, असे मला मनापासून वाटते. नुसत्या ताडीच्या नावाने झाड बदनाम आहे, याचे वाईट वाटते.

आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. कच्चा रस कोणी आणून दिला तर तो तसाच पिऊ नये. रात्री वटवाघळे उघड्या मडक्याला तोंड लावतात आणि बांगलादेशात निपाह विषाणूची लागण अशा कच्च्या रसातून झाल्याचे आढळले आहे. गूळ करताना रस बराच वेळ उकळला जातो, त्यामुळे गुळाच्या बाबतीत ती भीती नाही.

मेहरूणकाठ (जळगाव)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. खवा घालणार नाही, आणि दूध गायीचेच सांगितले आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. पन्नासेक वड्यांसाठी किती दूध घ्यावे, आणि आदल्या दिवशी करून ठेवले तर चालेल का? तसेच ही ढेप संपल्यावर पर्याय म्हणून कोणता गूळ त्यातल्या त्यात जवळचा ठरेल?

दूधवाट (यावल)

सहा लिटर दूध घ्या. साधारण एक किलोच्या पुढे छेना पडेल, त्यात 300 ते 325 ग्रॅम गूळ जाईल आणि पंचवीस ग्रॅमच्या सुमारे पन्नास वड्या होतील. सगळे दूध एकदम फाडू नका; दोन-दोन लिटर केले तर तापमान आणि आंबटाचे प्रमाण हातात राहते. परततानाही पाव-पाव किलोचेच घाणे घ्या.

भुसावळ जंक्शन

नरम पाकाचा संदेश ज्या दिवशी केला त्याच दिवशी सर्वांत चांगला लागतो. जानेवारीच्या थंडीत तो संध्याकाळपर्यंत बाहेर सहज टिकतो. आदल्या दिवशी करायचा असेल तर झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा आणि देण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावा, कारण गार असताना त्याचा वास येत नाही. दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये. आपल्याकडील चैत्र-वैशाखाच्या 44 अंशांत हा प्रकार करूच नये.

पर्यायाचे म्हणाल, तर खादी भांडारात मिळणारा ताडगूळ त्यातल्या त्यात जवळचा आहे. तो न मिळाल्यास उसाचा गडद, रसायनविरहित गूळ घ्यावा. पिवळाधमक दिसणारा गूळ पावडर मारून उजळवलेला असतो आणि त्याची खारट चव छेन्यात लगेच जाणवते. पुढच्या वर्षासाठी मात्र वहिनींनाच सांगून ठेवा. हावड्याहून येणाऱ्या गाड्यांना आपल्याकडे पोहोचायला साधारण एक दिवस लागतो, आणि कागदात गुंडाळलेली पाटाली तेवढ्या प्रवासात अजिबात बिघडत नाही. विकत घेताना ढेपेचा कोपरा नखाने दाबून पाहायला सांगा. अस्सल गूळ दबतो, आणि साखर मिसळलेला दगडासारखा टणक राहतो.